रात्रीचा सज्जा : राजवाड्याचा आणि जहाजाचा

'सज्जा' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. भिंतीच्या बाहेर काढलेली, कठड्याने वेढलेली आणि वरच्या मजल्यावरून मोकळ्या अवकाशात डोकावणारी चिंचोळी जागा म्हणजे सज्जा. मुंबईच्या चाळीतील माणूस तिला गॅलरी म्हणतो. संस्कृतात गवाक्ष आहे, उत्तरेकडून आलेला झरोका आहे. पण या दोहोंमधून माणूस आत राहून बाहेर पाहतो. सज्जावर तो स्वतःच बाहेर येतो. आधुनिक प्रवासी जहाजाच्या खोलीला जोडून जी खाजगी जागा असते तिच्यासाठी प्रस्तुत प्रकरणात हाच शब्द योजिला आहे. कारण तेथेही माणूस चार भिंतींच्या उजेडातून निघून एका पावलात अंधारात, वाऱ्यात आणि उंचीवर येऊन उभा राहतो. त्या एका पावलाचाच येथे विचार करावयाचा आहे.

जहाजाच्या खोलीला स्वतंत्र सज्जा असणे ही अलीकडची सोय होय. पूर्वीच्या उतारू जहाजांवर सर्वांसाठी एकच लांबलचक फिरण्याची जागा असे आणि खोलीला गोल काचेची खिडकी मिळाली तरी प्रवासी स्वतःला भाग्यवान समजे. १९८० नंतर बांधल्या गेलेल्या मोठ्या पर्यटन-जहाजांवर सज्जांच्या रांगाच्या रांगा दिसू लागल्या. भारतीय प्रवाशाला हा अनुभव मुख्यतः २०२१ नंतर घरबसल्या मिळू लागला. त्या वर्षी मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझ-फेऱ्या सुरू झाल्या आणि २०२२ च्या जूनमध्ये चेन्नईहूनही असे जहाज सुटले. परंतु उंच जागी रात्री उभे राहून दूरवर पाहण्याची विद्या जहाजाहून पुष्कळ जुनी आहे. मराठी माणसाने ती समजून घ्यावयाची तर तंजावूरच्या राजवाड्याइतके सोयीचे दुसरे ठिकाण सुचत नाही.

तंजावूरचा राजवाडा प्रथम नायक राजांनी सोळाव्या शतकात उभारला. व्यंकोजी भोसल्यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर हस्तगत केल्यावर मराठ्यांनी त्यात भर घातली आणि १८५५ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. या परिसरात उंचीची हौस ठायी ठायी दिसते. आठ मजली शस्त्रागार-मनोरा सुमारे १९० फूट उंच असून तो शस्त्रागार म्हणून आणि टेहळणीसाठीही वापरला जात असे. दुसरा माडमाळिगै नावाचा निरीक्षण-मनोरा आहे. तिसरी, पूर्वेच्या राजरस्त्याकडे तोंड केलेली, देखण्या सज्जांची सर्जा माडी. 'माडी' हा शब्द तमिळमध्येही वरच्या मजल्यासाठीच वापरतात, त्यामुळे मराठी राजाला आणि त्याच्या तमिळ गवंड्याला येथे दुभाष्याची गरज पडली नसावी.

माडमाळिगैविषयी अशी कथा सांगतात की, तेथून राजा श्रीरंगमच्या मंदिराचे दर्शन घेत असे. तंजावूरहून श्रीरंगम सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आहे. कथा खरी की खोटी हे ठरविणे आपले काम नाही. पण ती तपासण्याची रीत मात्र शिकण्याजोगी आहे, कारण जहाजाच्या सज्जावरही तीच उपयोगी पडते.

पृथ्वी गोल असल्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा जितका उंच तितके क्षितिज दूर जाते. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरदेखील दूर नसते. जहाजाच्या सज्जावर पाण्यापासून २० मीटर उंचीवर बसलेल्या प्रवाशाचे क्षितिज १६ किलोमीटरवर जाते. शस्त्रागार-मनोऱ्याच्या माथ्यावरून, भोवतालचा प्रदेश सपाट धरला तर, ते सुमारे २७ किलोमीटर भरते. मग ५० किलोमीटरवरचे श्रीरंगम कसे दिसावे? समोरची वस्तूही उंच असेल तर तिचे स्वतःचे क्षितिज आपल्या क्षितिजात मिळवावे लागते. तिरुचिरापल्लीचा किल्ल्याचा खडक ८३ मीटर उंच आहे. त्याचे क्षितिज साधारण ३२ किलोमीटर येते. २७ आणि ३२ मिळून ५९ होतात आणि खडक तंजावूरहून पन्नासाच्या आतच आहे. म्हणजे स्वच्छ रात्री त्या खडकावर मोठा जाळ केला असता तो तंजावूरच्या सर्वांत उंच माथ्यावरून दिसणे गणिताच्या दृष्टीने अशक्य नाही. श्रीरंगमचे आजचे ७२ मीटरचे राजगोपुर मात्र १९८७ साली पूर्ण झाले. नायकांच्या वा भोसल्यांच्या दृष्टीला ते पडणे शक्य नव्हते, हे कथा सांगणारे वाटाडे सहसा सांगत नाहीत.

दुसऱ्या सरफोजी राजांच्या बाबतीत या २७ किलोमीटरांना निराळाच अर्थ आहे. ते १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला आणि त्याचा लगतचा परिसर तेवढा उरला. मनोऱ्यावरून रात्री जे काही दिसत असेल, कावेरीच्या फाट्यांवरील गावांचे दिवे असोत की भातशेतीतील राखणदारांच्या शेकोट्या असोत, ते बहुतेक सर्व दुसऱ्याच्या अमलाखालचे होते.

अंधारात डोळ्याचे काय होते

उजेडाच्या खोलीतून सज्जावर आलेला प्रवासी पहिल्या क्षणी म्हणतो, "काहीच दिसत नाही." तो खरेच बोलत असतो. चूक होते ती यापुढे. काही दिसत नाही म्हणून तो दोन मिनिटांत आत परततो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सज्जावरचा दिवा लावतो.

डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृक्पटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत. बाहुली अंधारात क्षणार्धात मोठी होते, पण तेवढ्याने फारसे साधत नाही. शंकुपेशी सुमारे दहा मिनिटांत आपल्या शक्तीच्या सीमेला पोहोचतात. दंडपेशींना मात्र अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. कारण तेजस्वी प्रकाशात त्यांतील रंगद्रव्य विघटित झालेले असते आणि ते पुन्हा तयार होण्यास अवधी हवा असतो. या द्रव्याच्या घडणीत अ जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास रातांधळेपणा येतो. अर्ध्या तासाने मिळविलेली ही दृष्टी एका काडीच्या उजेडाने किंवा हातातील फोनच्या पडद्याने काही सेकंदांत नाहीशी होते आणि साराच हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

यावरून सज्जा वापरण्याची रीत आपोआप ठरते. खोलीतील सर्व दिवे आधी मालवावे, मग पडदा ओढून बाहेर यावे आणि दार मागे लोटून घ्यावे. काही वाचावयाचे असेल तर अत्यंत मंद लाल उजेड चालतो, कारण दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा जुमानत नाहीत. मात्र तो उजेड हाताच्या आडोशाखाली ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल. फिकट तारा पाहताना नजर थेट त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी. दृक्पटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे रोखून पाहिलेला मंद तारा हरवतो आणि कडेने पाहिलेला सापडतो. हे प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, पण दोन रात्रींत अंगवळणी पडते.

सरफोजींना डोळ्याच्या या यंत्रात खरोखरीचा रस होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांचे संशोधन होत असे आणि त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या नेत्रचिकित्सेच्या हकिकती, रोग्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. त्यांत मोतीबिंदूचे रोगीही आहेत. मोतीबिंदू असलेल्या माणसाला रात्री प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचे वलय पसरलेले दिसते आणि समोरच्या दिव्याने तो दिपून जातो. वयस्कर प्रवाशाला जहाजाच्या सज्जावर तारे 'फुटलेले' दिसू लागले तर दोष आकाशाला न देता त्याने डॉक्टरांना भेटावे.

आपला उजेड आणि इतरांची दृष्टी

येथवरची गोष्ट आपल्या डोळ्यापुरती होती. परंतु रात्रीच्या समुद्रात आपला उजेड ही केवळ आपली बाब राहत नाही. जहाज चालविणारे अधिकारी ज्या उंच कक्षातून समोर पाहत असतात तो कक्ष रात्री जवळजवळ पूर्ण अंधारात ठेवलेला असतो, कारण त्यांनाही डोळ्याचा हाच नियम लागू आहे. समोर बिनदिव्याची एखादी मासेमारी होडी आहे की नाही हे यंत्रे सांगतात, तरीही डोळ्यांनी पहारा ठेवण्याचे बंधन समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी घातले आहे. त्याच नियमांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत विहित दिव्यांखेरीज असे कोणतेही दिवे दाखवू नयेत, की ज्यांची त्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा ज्यांमुळे पहाऱ्यात अडथळा येईल, असेही सांगितले आहे. म्हणूनच जहाजाच्या नाळेकडे तोंड असलेल्या खोल्यांतील प्रवाशांना अंधार पडल्यावर पडदे लावून घेण्याची सूचना दिली जाते. अनेकांना ती खाजगीपणावरील अतिक्रमण वाटते. त्यांच्या खिडकीतून पुढच्या डेकवर पडलेला उजेड वरच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर परतून येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही एवढेच.

हे विहित दिवे वाचता आले तर सज्जावरील रात्र पुष्कळ रंजक होते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. प्रत्येकाचा झोत समोरपासून कडेकडे ११२.५ अंशांपर्यंत पसरतो. मागील बाजूचा पांढरा दिवा उरलेले १३५ अंश व्यापतो. तिन्हींची बेरीज ३६० होते, म्हणजे कोणत्याही दिशेने पाहिले तरी जहाज अनोळखी राहत नाही. डोलकाठीवरील पांढरा दिवा समोरचे २२५ अंश उजळतो. मोठ्या जहाजावर असे दोन असतात आणि मागचा पुढच्याहून उंच असतो. आता सज्जावरून दूरवर तांबडा दिवा दिसला तर ते जहाज आपल्या डावीकडे चालले आहे, हिरवा दिसला तर उजवीकडे. एकाच वेळी दोन्ही दिसले तर ते थेट आपल्याकडे येत आहे. अर्थात त्याची चिंता वरच्या कक्षातील माणसे आपल्याआधी करीत असतात. सज्जावर तांबडा कंदील टांगून बसण्याची हौस का करू नये, हे आता वेगळे सांगावयास नको.

उजेडाचे बळी ठरणारे आणखीही आहेत. रात्री स्थलांतर करणारे पक्षी झगमगत्या जहाजाकडे ओढले जाऊन काचांवर आपटतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. बाहेर पडलेली पिले अधिक उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. निसर्गात ती दिशा समुद्राची असते, पण किनाऱ्यावर प्रखर दिवे असतील तर पिले उलट रस्त्याकडे वळतात आणि मरतात.

विस्तवाविषयी मात्र उदाहरणच दिलेले बरे. २३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास, कॅरिबियन समुद्रात जमैकाकडे निघालेल्या 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या एका सज्जावर आग लागली. विझवून न टाकलेली सिगारेट हे तिचे सर्वांत संभाव्य कारण असल्याचे चौकशीत आढळले. सज्जांमधील आडभिंती आणि तेथील खुर्च्या-मेजे जळणाऱ्या प्लॅस्टिकची होती. वाऱ्याने आग एका सज्जावरून दुसऱ्यावर आणि एका मजल्यावरून वरच्या मजल्यांवर चढत गेली. एक प्रवासी धुराने गुदमरून मरण पावला. त्यापूर्वी सज्जा हा खोलीच्या बाहेरचा भाग समजला जाई आणि अग्निसूचक व अग्निशामक योजना आतल्या बाजूलाच थांबत. या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २००८ पासून सज्जांनाही ही बंधने लागू झाली. वरच्या मजल्यावरून वाऱ्यात फेकलेले थोटूक समुद्रात पडत नाही. जहाजाच्या अंगाला घासून वर चढणारा वारा ते खालच्या किंवा मागच्या एखाद्या सज्जावर आणून टाकतो. कठड्यावर वाळत घातलेला टॉवेलही याच कारणाने आपला राहत नाही. खोलीचे पुढचे दार कोणी उघडत असता सज्जाचे दार उघडे असेल तर वारा आरपार धावून दार बोटांवर आपटते, हेही ध्यानात असू द्यावे.

मनोरा

तंजावूरच्या राजाला समुद्रावरचा सज्जाही हवासा वाटला. तंजावूरहून सुमारे ६५ किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळ, पाल्कच्या उपसागराकाठी सरफोजींनी एक षट्कोनी आठ मजली इमारत उभारली. तेथील तमिळ लोक तिला आजही 'मनोरा' म्हणतात. शब्द आपल्याच ओळखीचा आहे. इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचे पतन यांच्या स्मरणार्थ ती बांधल्याचे तेथील लेखात नमूद असून वर्ष १८१४ आहे. प्रवासपुस्तकांत तिचा संबंध वॉटर्लूच्या लढाईशी सर्रास जोडलेला आढळतो. परंतु वॉटर्लू जून १८१५ मधील आहे. १८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियनने पहिल्यांदा सिंहासन सोडले, तेच येथे अभिप्रेत असले पाहिजे. या इमारतीचा दीपगृहासारखा उपयोग होत असे असेही सांगतात. तिची उंची साधारण २३ मीटर, म्हणजे क्षितिज १७ किलोमीटर. जहाजाच्या मधल्या मजल्यावरील सज्जाएवढेच. २००४ च्या त्सुनामीत तिला इजा पोहोचली आणि पुढे तिची दुरुस्ती करण्यात आली.

येथून मोठे प्रवासी जहाज मात्र दिसणार नाही. हा उपसागर उथळ आहे, भारत आणि श्रीलंका यांमधील वाळूच्या दांड्यांवरून मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत आणि पश्चिम किनाऱ्याहून चेन्नईस जाणारे जहाज श्रीलंकेला वळसा घालते. रात्री दिसतात ते मासेमारी होड्यांचे दिवे. याच उथळ पाण्यातील समुद्री गवतावर डुगाँग हा दुर्मीळ सस्तन प्राणी जगतो. तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर पाणी २०२२ साली त्याच्यासाठी राखीव करण्यात आले.

दक्षिणेचे आकाश

महाराष्ट्रातून येणाऱ्या वाचकासाठी तंजावूरच्या रात्रीत आणखी एक लाभ आहे. तंजावूर सुमारे पावणेअकरा अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम ११ अंशांवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. म्हणजे क्षितिजावर एक मूठ ठेवली की तिच्या माथ्याशी ध्रुव. उत्तरेचा जो तोटा तो दक्षिणेचा नफा. अगस्त्याचा तारा पुण्याहून अधिकात अधिक १९ अंश वर येतो, तंजावूरहून तो २६ अंशांवर चढतो. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेल्या ऋषीचे नाव या ताऱ्याला का मिळाले हे पुस्तकात वाचण्यापेक्षा दक्षिणेकडे जात जात पाहिले म्हणजे अधिक पटते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेस असतो. मेच्या मध्यास त्याच वेळी त्रिशंकू उभा असतो. त्याचा खालचा तेजस्वी तारा मुंबईच्या क्षितिजावरील धुरकटात आठ अंशांवर अडकलेला असतो. तंजावूरहून तो सोळा अंशांवर दिसतो. मुंबईहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजाच्या सज्जावरूनही, खोली दक्षिणेकडच्या अंगाला मिळाली तर, रात्रीगणिक हे तारे वर सरकताना मोजता येतात. खोली निवडताना प्रवासी सूर्यास्ताचा विचार करतात; जाताना डावी की उजवी, या प्रश्नाला रात्रीचेही एक उत्तर असते.

मात्र तंजावूरचे हे आकाश आता राजवाड्यातून पाहता येत नाही. वास्तू पाहण्याची वेळ संध्याकाळी संपते आणि दरवाजे बंद होतात. बाहेर, सर्जा माडीच्या सज्जांखालून वाहणारा रस्ता दुकानांच्या दिव्यांनी उजळलेला असतो आणि त्याचा उजेड हवेतील धुळीवर विखुरून शहरावर एक पांढुरके छत धरतो. हा प्रश्न एकट्या तंजावूरचा नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे झाकून त्यांचा झोत जमिनीकडे वळवावा लागला. दिवे काढून टाकले नाहीत, फक्त त्यांवर टोपी घातली. राजवाड्याच्या पूर्व रस्त्यावर तेवढे केले तरी अगस्त्य स्पष्ट दिसण्यास अडचण पडू नये. तूर्त ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी फेब्रुवारीत शहराबाहेर, भाताची कापणी झालेल्या शेतांकडे चार-पाच किलोमीटर जावे, दिव्यांकडे पाठ करून अर्धा तास उभे राहावे आणि दक्षिण क्षितिजापासून अडीच मुठी वर पाहावे.